एका नावाची दोन निदाने

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात मी जीवसंख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. पारंपरिक कोरियन वैद्यक शिकलेले दोन डॉक्टर एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासतात तेव्हा त्यांचे निदान कितपत जुळते, हे मोजणे हा माझ्या सध्याच्या कामाचा मुख्य भाग आहे. एरवी माझ्यापर्यंत फक्त आकडे येतात: रुग्णाचा क्रमांक, पहिल्या डॉक्टरची खूण, दुसऱ्या डॉक्टरची खूण. रुग्ण किंवा डॉक्टर मला दिसत नाहीत आणि पद्धतीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण गेल्या हिवाळ्यात नाडीपरीक्षेच्या रकान्यांतील एकवाक्यता इतकी खाली आली, की दोष तपासण्यात आहे की नोंदवण्यात, हे कागदावरून कळेना. तेव्हा प्रकल्पप्रमुखांनी मला एक दिवस पक्षाघाताच्या वॉर्डात बसून सगळे पाहायला सांगितले.

त्या दिवसाकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. कोरियात १९५१ च्या कायद्याने आधुनिक वैद्यक आणि पारंपरिक वैद्यक यांना समांतर मान्यता मिळाली. पारंपरिक वैद्यकाच्या डॉक्टरला तिथे ‘हानुइसा’ म्हणतात. त्याचे सहा वर्षांचे शिक्षण वेगळे, राष्ट्रीय परीक्षा वेगळी आणि परवानाही वेगळा. १९८७ पासून त्याचे अनेक उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात. आपल्याकडे आयुर्वेदाच्या पदवीधराने ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाही यावर जसे वाद होतात, तसेच तिथेही होतात, फक्त सीमारेषा अधिक काटेकोर आहे: हानुइसाने अल्ट्रासाउंडचे यंत्र वापरावे की नाही हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हानुइसाच्या बाजूने निकाली निघाला. पक्षाघाताचे अनेक रुग्ण पहिले तातडीचे उपचार आधुनिक रुग्णालयात घेऊन, प्रकृती स्थिरावल्यावर सुया, काढे आणि व्यायाम यांसाठी कोरियन वैद्यकाच्या रुग्णालयात दाखल होतात. आमच्या अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक रुग्णाचा पक्षाघात सीटी किंवा एमआरआयने सिद्ध झालेला असतो आणि तो होऊन महिना उलटलेला नसतो. त्यामुळे आजार कोणता याबद्दल मतभेद असण्याचे कारणच नसते. मतभेद असतो तो प्रकाराबद्दल.

हा प्रकार ठरवणे म्हणजेच हानुइसाच्या दृष्टीने खरे निदान, कारण काढा आजारावर नव्हे तर प्रकारावर दिला जातो. पक्षाघातासाठी आम्ही चार प्रकार धरले होते. गी-क्षीणता, म्हणजे चीनमध्ये ज्याला ‘ची’ म्हणतात त्या प्राणशक्तीची कमतरता: थकवा, क्षीण आवाज, फिकट जीभ, दुबळी नाडी. ओल-कफ: अंग जड, घशात घरघर, मळमळ, जिभेवर जाड साका. अग्नि-उष्णता: चेहरा लाल, तहान, मलावरोध, तांबडी जीभ, पिवळा साका, जलद आणि जोरकस नाडी. यिन-क्षीणता, म्हणजे शरीराला थंडावा आणि ओलावा देणाऱ्या ‘यिन’ या शक्तीची कमतरता: दुपारनंतरची कणकण, गालांवर लाली, कोरडी आणि साका नसलेली जीभ, बारीक नाडी. रक्त साकळण्याचा पाचवा प्रकारही पूर्वीच्या यादीत होता. देजॉनमध्येच असलेल्या ‘कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ ओरिएंटल मेडिसिन’ या १९९४ साली स्थापन झालेल्या सरकारी संशोधन संस्थेने पक्षाघातातील प्रकार-निदानाचे प्रमाणीकरण करण्याचा मोठा प्रकल्प राबवला. तिथल्या संशोधकांनी २०१२ आणि २०१३ मध्ये जीभ आणि नाडी यांच्या परीक्षेतील एकवाक्यतेवर निबंध प्रसिद्ध केले. आमचे काम त्याच वाटेने पुढे जाणारे, पण बरेच लहान होते.

मी याआधी पुण्यात प्रकृतिपरीक्षणाच्या प्रश्नावल्यांवर काम केले असल्यामुळे हे सगळे मला अगदीच अनोळखी नव्हते. वात-पित्त-कफ यांच्या जागी दुसऱ्या संज्ञा आल्या, एवढेच सुरुवातीला वाटले. तो समज फार टिकला नाही. प्रकृती ही जन्मजात आणि बहुतांशी स्थिर मानली जाते. हे पक्षाघाताचे प्रकार मात्र आजच्या अवस्थेचे वर्णन असतात आणि आठवडाभरात पालटू शकतात. स्थिर गोष्टीवर दोघांचे मत पडताळायला पुढच्या महिन्यातही सवड असते. पालटणाऱ्या गोष्टीवर दोघांनी एकाच सकाळी पाहायला हवे, आणि तेवढ्या वेळातही ती पालटलेली नसावी अशी आशा करायला हवी.

त्या सकाळी दोन डॉक्टर होते. एक विभागप्रमुख, पन्नाशी ओलांडलेले, याच चुंगचॉंग प्रांतात वाढलेले. दुसऱ्या त्यांच्याच विभागातील तिशीतल्या तज्ज्ञ, मूळच्या सोलच्या. रुग्णाकडे आधी कोणी जायचे ते बंद पाकिटातील चिठ्ठीवरून ठरे. दोघांनी एकमेकांशी रुग्णाबद्दल बोलायचे नाही, एकाने तपासल्यावर दुसऱ्याने अर्ध्या तासाच्या आत तपासायचे, रुग्णाने तासभर आधी काही खायचे-प्यायचे नाही, जीभ नेहमीच्या दिव्याखाली नव्हे तर ठरवून दिलेल्या पांढऱ्या प्रकाशात पाहायची आणि ती फार वेळ बाहेर ठेवायला लावायची नाही, असे नियम होते. शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो, पण जीभ ताणून बराच वेळ बाहेर ठेवली की तिचा रंग गडद होऊ लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरला पहिल्यापेक्षा वेगळी जीभ दिसू शकते.

नाडी पाहताना मनगटावर तीन बोटे तीन जागी ठेवतात आणि आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देतात. वरच्यावर लागणारी ती ‘तरंगती’, दाबल्यावरच लागणारी ती ‘बुडालेली’. वेगावरून मंद किंवा जलद. जोरावरून सबळ किंवा दुबळी. शिवाय बारीक, तारेसारखी ताठ, आणि बोटांखालून मणी सरकत गेल्यासारखी वाटणारी ‘घरंगळती’. वेगावर दोन डॉक्टरांचे मत बहुधा जुळते, कारण तो मोजता येतो. जोरावरही बरेचदा जुळते. घरंगळती की नाही, यावर मात्र आमच्या आकड्यांचा धीर सुटत असे. मी दोघांचे हात जवळून पाहिले, तेव्हा विभागप्रमुखांची बोटे मनगटावर बराच वेळ रेंगाळत आणि त्यांचा दाब पायरीपायरीने वाढत जाई. तज्ज्ञ बाई सरळ खोलवर जाऊन मग बोटे हळूहळू उचलत वर येत. दोघांनी एकच लेखी सूचना वाचलेली होती. सूचनेत तीन दाबांचा उल्लेख होता, त्यांच्या क्रमाचा नव्हता.

सकाळच्या रुग्णांत एक हल्मोनी, म्हणजे आजी, होत्या. देजॉनपासून जवळच गुमसान हा भाग आहे, जिनसेंगच्या शेतीसाठी आणि बाजारासाठी साऱ्या कोरियात प्रसिद्ध. त्या तिथल्या शेतकरी कुटुंबातल्या. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, शब्द सावकाश पण स्पष्ट येत होते. दोन्ही डॉक्टरांचे तपासून झाल्यावर संशोधन-परिचारिकेने अर्ज माझ्या हाती दिले. विभागप्रमुखांनी लिहिले होते ओल-कफ. तज्ज्ञ बाईंनी लिहिले होते गी-क्षीणता. माझ्या तक्त्यात ही सरळ फारकत.

पण अर्जाच्या आतल्या पानांवर चिन्हांचे रकाने असतात, आणि तिथे चित्र निराळे होते. फिकट जीभ, जिभेच्या कडांवर दातांच्या खुणा, पांढरा साका, थकवा, जेवणाची अनिच्छा, अंगाचा जडपणा, पायांवर किंचित सूज, या सगळ्यांवर दोघांचे एकमत होते. फरक फक्त दोन ठिकाणी. नाडी विभागप्रमुखांना घरंगळती लागली होती, बाईंना बुडालेली आणि दुबळी; आणि ‘बोलण्याची अनिच्छा, क्षीण आवाज’ या रकान्यात बाईंनी खूण केली होती, विभागप्रमुखांनी केली नव्हती. दुपारी, सकाळच्या रुग्णांचे सगळे अर्ज बंद झाल्यावर, मी परिचारिकेच्या मदतीने दोघांना याबद्दल विचारले. विभागप्रमुख हसले. “चुंगचॉंगमध्ये सगळे असेच बोलतात. मीसुद्धा,” ते म्हणाले. या प्रांतातील लोक संथ बोलतात हा कोरियात थट्टेचा कायमचा विषय आहे. सोलमध्ये वाढलेल्या कानाला जी शक्तिहीनता वाटली, ती त्यांना गावची बोली वाटली. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे पक्षाघातापूर्वी आजी कशा बोलत होत्या ते ठाऊक असलेला माणूसच सांगू शकला असता. त्यांच्या मुलीला विचारावे, असे सुचवण्याचा मोह मी आवरला, कारण अभ्यासाच्या आराखड्यात नातेवाइकांना प्रश्न विचारण्याची तरतूद नव्हती.

याहून महत्त्वाची गोष्ट बाईंनी सांगितली. या वैद्यकात गी-क्षीणता आणि ओल-कफ हे शेजारी नव्हेत, नातलग आहेत. पचनशक्तीची गी कमी पडली की अन्नरसातील ओल शरीरात साठते आणि पुढे तिचा कफ होतो, अशी उपपत्ती आहे. तेव्हा एकाने कारणाचे नाव लिहिले आणि दुसऱ्याने परिणामाचे, इतकाच हा फरक असू शकतो. आमवाताच्या रुग्णाबाबत अग्निमांद्य लिहायचे की आम, असा प्रश्न पुण्यातल्या एखाद्या वैद्यापुढे ठेवला, तर तोही कदाचित असेच उत्तर देईल. मी विचारले, की मग काढ्यात काय फरक पडला असता? गी-क्षीणतेसाठी बाईंनी ‘बोजुंगइक्कीथांग’ सुचवले असते. त्यात जिनसेंग आणि ‘ह्वांगी’ नावाचे मूळ प्रमुख असते. विभागप्रमुखांचा कल ‘बान्हा-बेकचुल-चन्मा-थांग’कडे होता. कफ आणि चक्कर यांवरचा काढा म्हणून तो ओळखला जातो. पण १६१३ मध्ये छापलेल्या ‘तोंगुइबोगाम’ या कोरियन वैद्यकाच्या मुख्य ग्रंथात त्याचा जो पाठ आहे, त्यातही थोडे जिनसेंग आणि ह्वांगी आहेतच. म्हणजे माझ्या तक्त्यात ज्यांची नोंद ‘विसंगत’ अशी झाली, ती दोन निदाने औषधाच्या भांड्यात बऱ्याच अंशी एकत्र येत होती. जिनसेंगचे नाव ऐकून आजी मात्र थोड्या रागावल्याच. आयुष्यभर जिनसेंग पिकवले आणि खाल्ले, माझी गी कशी कमी होईल, असे त्यांनी परिचारिकेला ऐकवले.

दुपारनंतर एक टॅक्सीचालक गृहस्थ आले, साठीच्या आसपासचे. लहान पक्षाघात, डावा हात अशक्त, बोलणे ठणठणीत. त्यांचे अर्ज आले तेव्हा मला बरे वाटले, कारण दोन्हींवर ‘अग्नि-उष्णता’ लिहिलेले होते. तक्त्यात नोंद झाली: सुसंगत. सकाळच्या अनुभवामुळे आता मी आतली पानेही पाहू लागलो होतो, म्हणून उलटली.

तज्ज्ञ बाई तिथे आधी गेल्या होत्या. त्यांना जीभ नेहमीच्या गुलाबी रंगाची दिसली, साका पांढरा, नाडीचा वेग साधारण. अग्नि-उष्णता त्यांनी ठरवली ती प्रश्नोत्तरांवरून: तहान, तोंडाला कडवट चव, मलावरोध, रात्री छातीत घालमेल. विभागप्रमुखांच्या अर्जावर यातील तहान सोडल्यास काहीच नव्हते. त्यांनी लाल चेहरा, तांबडी जीभ, पिवळा साका, जलद आणि सबळ नाडी यांवर खुणा केल्या होत्या. चिन्हांच्या पातळीवर पाहिले तर हे दोन वेगळे रुग्ण वाटावेत.

पिवळ्या साक्याचा उलगडा लवकर झाला. दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात गृहस्थांनी वॉर्डातल्या गरम पाण्याच्या यंत्रावर मिक्स-कॉफीची पुडी फोडली होती; साखर, दुधाची पावडर आणि कॉफी एकत्र असलेली ही चिमुकली पुडी कोरियातल्या प्रत्येक कचेरीत आणि प्रतीक्षागृहात असते आणि ‘तासभर काही पिऊ नका’ या सूचनेत कॉफी येते असे अनेकांना वाटतच नाही. खाण्यापिण्याने रंगलेला साका निदानासाठी धरू नये, हे हानुइसांना शिकवतात. पण कॉफी प्यायल्याचे विभागप्रमुखांना कोणी सांगितले नव्हते. गरम पेय प्यायल्यावर नाडीचा वेगही थोडा वाढू शकतो.

तरीही सगळे कॉफीवर ढकलता येत नव्हते. जिभेचा मूळ रंग कॉफीने तांबडा होत नाही, आणि बाईंच्या अर्जावरील मलावरोध विभागप्रमुखांना का कळला नाही, हे त्यातून उलगडत नाही. मी तिथे बसलो होतो म्हणून मला ठाऊक होते, की विभागप्रमुख आत जाण्यापूर्वी ते गृहस्थ मार्गिकेत एका परिचारिकेवर मोठमोठ्याने खेकसत होते आणि विभागप्रमुखांनी ते ऐकले होते. अर्जाच्या पहिल्याच पानावर, सर्वांत वर, ‘प्रकार’ असा ठळक चौकोन होता. चिन्हांचे रकाने त्यानंतरच्या पानांवर. मी पेनाकडे लक्ष ठेवून होतो: विभागप्रमुखांनी नाडी सोडल्यावर प्रथम वरचा चौकोन भरला, मग पाने उलटून खुणा केल्या. ज्याच्या तोंडून आग निघते आहे त्याची जीभ तांबडी असणार, हे नकळत ठरले नसेल असे म्हणवत नाही. यात अप्रामाणिकपणा अजिबात नव्हता. तीस वर्षे जो माणूस रुग्ण दारातून आत येतानाच अर्धे निदान करतो, त्याच्यापुढे आधी नाव आणि मग पुरावा मागणारा कागद ठेवला, तर दुसरे काय होणार? बाईंनीही चौकोन आधीच भरला असण्याची शक्यता आहे. त्यांच्या वेळी मी पेनाकडे पाहिले नव्हते, तेव्हा त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

दिवसाच्या त्या दोन रुग्णांनी मला अस्वस्थ केले ते यामुळे, की आमच्या मोजमापात आजी अपयश म्हणून आणि टॅक्सीचालक यश म्हणून जमा झाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर घडले ते बरोबर उलटे. आजींच्या बाबतीत दोन डॉक्टरांनी जवळपास एकच शरीर पाहिले आणि नाव देताना वजन वेगवेगळे टाकले. टॅक्सीचालकाच्या बाबतीत दोघांनी वेगवेगळे पाहिले आणि नाव एक निघाले. नावांच्या एकवाक्यतेचा आकडा कितीही वर नेला, तरी तो या दोन अवस्थांत भेद करू शकत नाही. एकाच विभागात, एकाच परंपरेत घडलेल्या डॉक्टरांत नावे जुळणे सवयीमुळेही शक्य असते. आणि आमचे दोन्ही परीक्षक एकाच विभागातले होते.

संध्याकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत चहा घेताना त्यांनी ‘कप्पा’ या आमच्या एकवाक्यतेच्या मापावरून माझ्यावरचा जुना राग काढला. “तुमच्या कप्प्याने आम्हाला नापास केले आहे, पण मी आणि त्या रोज एकत्र रुग्ण पाहतो आणि क्वचितच भांडतो.” त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते, आणि ते का, हे मी त्यांना पाठकोऱ्या कागदावर दाखवले.

कप्पा हे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडले. दोन परीक्षकांचे मत केवळ योगायोगानेही काही वेळा जुळणारच. तो योगायोगाचा भाग वजा करून उरलेली एकवाक्यता मोजायची, ही त्यामागची कल्पना. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे संपूर्ण एकमत. लँडिस आणि कोच यांनी १९७७ मध्ये दिलेल्या कोष्टकानुसार ०.२१ ते ०.४० हे ‘बरे’, ०.४१ ते ०.६० ‘मध्यम’, ०.६१ ते ०.८० ‘भरीव’. या पायऱ्या त्यांनी स्वतःच काहीशा मनमानी ठरवल्या होत्या, तरी आज त्या न्यायालयाच्या निकालासारख्या उद्धृत होतात. अडचण येते ती विरळ चिन्हाच्या वेळी. समजा पन्नास रुग्ण आहेत आणि एखादे चिन्ह फारच थोड्यांत आढळते. ४४ रुग्णांत दोघेही ‘नाही’ म्हणतात, एका रुग्णात दोघेही ‘आहे’ म्हणतात, दोन रुग्णांत फक्त पहिला ‘आहे’ म्हणतो आणि तिघांत फक्त दुसरा. पन्नासपैकी ४५ वेळा मत जुळले, म्हणजे एकवाक्यता ९० टक्के. पण दोघेही बहुतेक वेळा ‘नाही’च म्हणत असल्यामुळे कप्प्याच्या हिशेबाने जवळपास ८७ टक्के एकवाक्यता योगायोगानेच अपेक्षित धरली जाते, आणि कप्पा येतो ०.२३. तेच आकडे ग्वेट यांच्या ‘एसी१’ या मापात घातले, जिथे योगायोग निराळ्या रीतीने धरतात, तर उत्तर येते ०.८९ च्या जवळ. रुग्ण तेच, डॉक्टर तेच. एक माप म्हणते जेमतेम, दुसरे म्हणते उत्तम. म्हणूनच या विषयावरच्या कोरियन निबंधांत दोन्ही मापे शेजारी छापतात. आमच्या आधीच्या अहवालात मात्र जागेअभावी फक्त कप्पा गेला होता.

विभागप्रमुखांना हे इतके आवडले, की त्यांनी तो कागद ठेवून घेतला. मला ते तितके सुखाचे वाटले नाही. एसी१ चा मोठा आकडा पाहून ‘सर्व ठीक आहे’ असे म्हणणाऱ्यालाही मी हेच उदाहरण दाखवले असते: ज्या सहा रुग्णांत कोणाला ना कोणाला ते चिन्ह दिसले, त्यांपैकी फक्त एकात दोघांना दिसले. ज्या रुग्णावर ते चिन्ह पाहून औषध बदलणार आहे, त्याच्या दृष्टीने ९० टक्क्यांचा काय उपयोग?

मग त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला: आधुनिक वैद्यकातले डॉक्टर तरी आपसांत सहमत असतात का? सर्वत्र नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पाचव्या निदान-पुस्तिकेच्या क्षेत्रचाचण्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तीव्र नैराश्य या सर्वपरिचित निदानासाठी दोन डॉक्टरांमधला कप्पा ०.२८ निघाला होता. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. पण लगेच पुढचेही सांगणे मला भाग होते, की त्याच चाचण्यांत आघातोत्तर ताणविकाराचा कप्पा ०.६७ होता, आणि दुसऱ्याचा आकडा कमी असणे हे आपल्या आकड्याचे समर्थन होत नाही. शिवाय दोन डॉक्टरांचे पूर्ण एकमत झाले, तरी त्या प्रकारावर दिलेला काढा उपयोगी पडतो की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो आमच्या अभ्यासाचा विषय नव्हता. मात्र प्रकारच नीट ठरत नसेल, तर उपयोग तपासणारी कुठलीही चाचणी पायाशिवाय उभी राहते, म्हणून आधी हे.

या कामाला आता कोरियाबाहेरही तातडी आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पूर्व आशियातील हे प्रकार तिथे संकेतांकांसह नोंदवता येतात. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचा दुसरा विभाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रकाशित झाला. संकेतांक दिला की नोंदी जमू लागतात, नोंदी जमल्या की त्यांच्यावरून निष्कर्ष काढले जातात, आणि एकाच रुग्णाला दोन वैद्य दोन संकेतांक देत असतील तर त्या निष्कर्षांत काय येणार, हे मला वेगळे सांगायला नको. पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी त्याच रात्री लिहिले, की प्रकृतीच्या अर्जांत निष्कर्षाचा चौकोन कोणत्या पानावर आहे तेवढे एकदा पाहा.

पुढच्या फेरीसाठी आम्ही अर्ज बदलला. चिन्हांची पाने आधी भरून पाकिटात घालायची, पाकीट परिचारिकेने बंद करायचे, आणि त्यानंतरच प्रकाराचा वेगळा कागद हाती द्यायचा. नाडीच्या सूचनेत दाबाचा क्रम लिहिला. जिभेसाठी रंगांची छापील पट्टी आली, आणि गरम पाण्याच्या यंत्रावर कॉफीचा स्पष्ट उल्लेख असलेली सूचना लागली. प्रकाराच्या कागदावर आता मुख्य प्रकाराबरोबर दुय्यम प्रकारही लिहिता येतो, म्हणजे आजींसारख्या रुग्णाच्या बाबतीत दोघांची नावे उलटसुलट क्रमाने तरी जुळू शकतील.

विभागप्रमुखांनी या बदलांना मान्यता देताना एक अट घातली. त्यांचे म्हणणे असे, की चिन्हे सुटी सुटी मोजायला लावून आम्ही त्यांना कारकून करतो आहोत. ते रुग्णाला एकसंध पाहतात, आणि त्या पाहण्याला अर्जात कुठेच जागा नाही. मला हे म्हणणे पूर्ण पटत नाही, कारण एकसंध पाहण्याच्या नावाखाली मार्गिकेतला आरडाओरडा जिभेच्या रंगात कसा उतरू शकतो, ते मी त्याच दिवशी पाहिले होते. पण आजींच्या बोलण्याबद्दल त्यांना जे कळले होते तेही याच पाहण्यातून आले होते, हे नाकारता येत नाही. म्हणून चिन्हांच्या पाकिटात आता एक कोरा कागद असतो. त्यावर डॉक्टरने रुग्णाबद्दल स्वतःच्या शब्दांत हवे ते लिहावे. तज्ज्ञ बाई त्यावर दोन ओळी लिहितात, विभागप्रमुख बहुधा पान भरतात. त्या मजकुराचे वर्गीकरण कसे करायचे, यावर परिचारिका आणि मी सध्या काम करतो आहोत. तिने पहिल्या गठ्ठ्यात ‘बोलणे’, ‘चालणे’, ‘वागणूक’ असे ढोबळ गट पाडले आहेत, आणि वागणुकीचा गट विभागप्रमुखांच्या कागदांत सर्वांत मोठा भरतो आहे.